कोरड्या दिवशी भरलेला हौद

आमच्या गावात मलेरिया कुणी आणला असं विचारलं, तर लोक आधी महामार्गाकडे बोट दाखवतात, मग बिल्डरकडे, आणि मग सवयीनं पुण्याकडे. माझ्याकडे कुणी दाखवत नाही. वयाचा मान असतो. पण खरं सांगायचं तर त्यातलं एखादं बोट, निदान करंगळी तरी, माझ्याकडे वळायला हवी. म्हणून मीच लिहून टाकते.

त्यासाठी आधी वेल्ह्याच्या डोंगरात जावं लागेल. मी लग्न होऊन तिथं गेले तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होते. भोरच्या बाजूची, सातवी पास, दोन वेण्या घालणारी. माहेरी विहीर दारात होती. रहाट फिरवला की पाणी. सासर म्हणजे वेल्ह्याच्या बाजारापासून तासभर वर चढून गेल्यावर सात-आठ घरांची वस्ती. झरा त्या वस्तीच्या बराच खाली. उतरताना गाणं म्हणत जायचं, चढताना देवाचं नाव घ्यायचं.

सासूबाईंचे पाण्याबाबत दोन नियम होते. पहिला सकाळचा: रात्रभर राहिलेलं पाणी शिळं. ते प्यायचं नाही, देवाला घालायचं नाही. सगळी भांडी ओतायची, राखेनं घासायची, आणि झऱ्यावरून नवं पाणी आणायचं. दुसरा संध्याकाळचा: दिवेलागणीला घरात एकही भांडं रिकामं दिसता कामा नये. म्हणजे संध्याकाळी भरायचं आणि सकाळी ओतायचं. पाणी शिळं व्हायला ती काय भाकरी आहे, असं माझं म्हणणं. सातवीच्या पुस्तकात पाणी शिळं होतं असं कुठं छापलेलं नव्हतं, आणि जे सातवीच्या पुस्तकात नाही ते जगात नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

थंडी सुरू झाली तशी मी अक्कल चालवली. उजाडायच्या आधी कालच्याच पाण्याची घागर डोक्यावर घेऊन बाहेर पडायचं, वाटेवरच्या करवंदीच्या जाळीमागं बसून पेंगायचं, आणि झऱ्यावर जाऊन यायला लागतो तेवढा वेळ गेला की तीच घागर घेऊन परत यायचं. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी घागरीत बोट घातलं आणि विचारलं, हे पाणी गार कसं? थंडीत सकाळी झऱ्याचं पाणी कोमट असतं आणि घरात राहिलेलं बर्फासारखं, हे मला ठाऊक नव्हतं. सातवीच्या पुस्तकात तेही नव्हतं.

शहाणी बाई तिथं थांबली असती. मी पाणी तापवायला लागले. सासूबाई गोठ्यात गेल्या की कालचं पाणी चुलीवर चढवायचं, झऱ्याइतकं कोमट झालं की घागरीत ओतायचं, आणि धापा टाकत दारातून आत यायचं. धापा टाकण्याचा सराव मी जाळीमागं केलेला. त्यासाठी जी लाकडं जाळायची ती रानातून मीच आणायची, आणि ते रान झऱ्यापेक्षा लांब होतं. हा हिशेब मला सुचला नाही. हुशार माणसाला साधे हिशेब सुचत नाहीत.

एका सकाळी पाणी चुलीवर जरा जास्त राहिलं. सासूबाईंनी बोट घातलं आणि झटक्यात काढलं. बोटावर फुंकर घातली, पदराला पुसलं, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "आज झऱ्याला ताप आलाय का गं?"

त्यापुढे महिनाभर मी रोज एक खेप जास्त केली. पण खेपेचं दुःख नव्हतं. त्यांनी ही गोष्ट वस्तीत सांगितली, ते दुःख. झऱ्यावर गेलं की एखादी बाई पाण्यात हात बुडवून विचारायची, उतरला का गं ताप? दुसरी म्हणायची, कपाळावर घडी ठेव म्हणजे उतरंल. मला मुलगा झाला तरी हे चाललं होतं.

सासूबाईंनी डासाची अळी कधी पाहिली होती का, मला माहीत नाही. पण त्यांच्या घरातल्या कुठल्याही भांड्यातल्या पाण्याला दुसरी सकाळ बघायला मिळत नव्हती, एवढं खरं. मी मात्र त्यांच्या दोन नियमांतला सोयीचा तेवढा उचलला. ओतायचा नियम डोंगरातच सोडला आणि भरायचा नियम घेऊन खाली आले.

खाली म्हणजे किकवीच्या बाजूला. आमचे हे एस.टी.त कंडक्टर लागले. डोंगरातून रोज ड्युटीवर येणं जमेना, म्हणून रस्त्याजवळ थोडी जमीन घेतली, तीन खणांचं घर बांधलं, दोन म्हशी आणि एक गाय ठेवली. गुरांसाठी अंगणात सिमेंटचा हौद केला. लांबट, मांडीएवढ्या उंचीचा, रुंद काठाचा. सिमेंट वाळलं का बघायला मी काठावर हात दाबला, तो पंजा अजून तिथं आहे. गवंड्यानं डोक्याला हात लावला होता. मी म्हटलं, वाळलेलं नाही, एवढं तर कळलं ना?

रोज संध्याकाळी मी तो हौद काठोकाठ भरायची, आणि सकाळपर्यंत म्हशी तो तळापर्यंत चाटून ठेवायच्या. म्हणजे सासूबाईंचा पहिला नियम म्हशी पाळत होत्या आणि दुसरा मी. अशी आमची वाटणी होती, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

मग शहर आलं. शहर एका दिवसात येत नाही. आधी कापूरहोळच्या फाट्यावर एक ढाबा वाढतो, मग त्याच्याशेजारी पंक्चरचं दुकान, मग कुणाच्या तरी खाचरात चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसतात. आमच्याकडे आधी कमान उभी राहिली, मग कमानीच्या आतला रस्ता, मग घरं. पाणी सगळ्यात शेवटी. भाताच्या खाचरांत मुरूम पडला, ओढा पाइपात गेला. आमच्यासमोरच्या तुकड्यावर चार मजल्यांची बिल्डिंग उठायला लागली, आणि तिच्या पायाशी लिफ्टसाठी एवढा मोठा खड्डा. माझा मुलगा बाईकवरून शिरवळच्या कारखान्यात जायला लागला. चरायला जागा उरली नाही तशा म्हशी विकल्या, आणि शेवटी गायही. नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून घरोघरी निळी पिंपं आणि गच्चीवर काळ्या टाक्या.

हौद तेवढा राहिला, आणि माझी सवय राहिली. तिन्हीसांजा झाल्या की रिकामा हौद मला बघवेना. प्यायला कुणी नाही हे ठाऊक असूनही मी तो भरायची. हे म्हणायचे, बस डेपोत लागलीय, प्रवासी उतरलेत, तू कुणाला तिकीट फाडतेस?

त्याच सुमाराला सूनबाई आशा झाल्या. म्हणजे सरकारच्या आशा, गावोगाव असतात तशा. गळ्यात ओळखपत्र, काखेत वही, घरोघर फिरायचं, गरोदर बायका बघायच्या, लसींची आठवण करायची, ताप आला की बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा. मला ती आत्या म्हणते. कामाला लागल्यापासून चारचौघांत माझ्याशी बोलताना जरा सरकारी बोलते. मला ते आवडतं, पण मी तसं दाखवत नाही.

एकदा अंगणात बायका जमवून तिनं डासांबद्दल सांगितलं. मी आयुष्यभर डास म्हणजे गटार समजत होते. गटारापासून आमचं घर लांब, म्हणून मी निर्धास्त. तिनं सांगितलं की मलेरियाच्या डासाला घाण चालत नाही. त्याचे जुने भाऊबंद ओढ्यात आणि खाचरांत वाढायचे, गोठ्यात घुसून गुरांचं रक्त प्यायचे, आणि जमलं तर आपलं. खाचरं गेली, गुरं गेली, तसे ते कमी झाले. पण शहरात त्याच जातीचा एक वेगळा डास असतो. त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. गच्चीवरची टाकी, पिंप, बांधकामावर मारलेलं पाणी. शहर जिथवर सरकतं, तिथवर तो सरकतो.

मी म्हटलं, म्हणजे हा फ्लॅटवालाच आहे की.

बायका हसल्या. सून पण हसली आणि पुढं म्हणाली की पाण्यात अळी दिसली तर नीट बघा. डोकं खाली करून लोंबकळणाऱ्या दुसऱ्या डासांच्या, आणि पाण्यावर आडवी पडून राहणारी मलेरियाची. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून दर शनिवारी सगळी भांडी, पिंपं ओतून, घासून कोरडी करायची. कोरडा दिवस पाळायचा.

तिचं बोलणं मी अर्धंच ऐकलं. आडवी पडून राहणारी म्हटल्यावर मला करवंदीच्या जाळीमागची सून आठवली आणि मी मनातल्या मनात हसत बसले. मन लावून ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं.

कोरड्या दिवसाला माझा जाहीर पाठिंबा होता. सुनेच्या पुढं चालत मी दारोदार आवाज देत होते. पण पहिल्याच शनिवारी शेजारणीनं भरलेलं पिंप रस्त्यावर आडवं केलं आणि मी पुढच्या दारी जायची थांबले. पाण्याला बारीकशी वळवळ होती, पण एरवी स्वच्छ, आरशासारखं. ज्या बाईनं अर्धा डोंगर चढून घागरी आणल्या, तिच्या डोळ्यांदेखत ते डांबरावरून वाहत गेलं. दुसऱ्या शनिवारी मी बादली घेऊनच उभी राहिले. म्हटलं, ओतू नका गं, माझ्याकडे द्या, मी झाडांना घालते. बायकांना बरंच झालं. त्यांची पिंपं कोरडी, माझं पुण्य ओलं. सून पुढं वहीत टीक करत जायची आणि मागनं मी बादल्या भरून आणायची.

झाडं म्हणजे एक कढीपत्ता आणि दोन वांगी. त्यांना दोन तांबे पुरायचे. बाकीचं मी हौदात ओतत होते.

सुनेच्या नजरेला पडू नये म्हणून हौदावर एक फ्लेक्स टाकला. कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा, वादळात उडून आमच्या अंगणात आलेला. त्याचे जोडलेले हात बरोबर मधोमध यायचे. एका कोपऱ्यातून फ्लेक्स उचलायचा, बादली ओतायची, परत झाकायचं. वळवळ दिसायची मला, पण पाण्यात जीव आहे म्हणजे पाणी चांगलं, असं आमच्याकडे म्हणतात. कुठं म्हणतात ते आता विचारू नका.

पावसाळा सरला. समोरच्या बिल्डिंगवरच्या दोन गवंड्यांना थंडी वाजून ताप आला. मग किराणावाल्याला. सुनेनं रक्त घेतलं, तिघांनाही मलेरिया. वर कळवलं, गोळ्या सुरू झाल्या. मग बायका कुरकुरायला लागल्या. दर शनिवारी आम्ही पिंपं पालथी करायची, पाठीचे कणे मोडायचे, नि ताप यायचा तो येतोच. एकदोघींनी शनिवारी दार उघडलंच नाही.

त्या संध्याकाळी सून चुलीपाशी माझ्या शेजारी येऊन बसली. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, माझ्या हातात दंड न्हाई, शिक्का न्हाई. लोकांनी ऐकलं तर मी आशा. न्हाईतर नुसती वही घेऊन हिंडणारी बाई."

मी म्हटलं, सगळा दोष त्या लिफ्टच्या खड्ड्याचा आहे. आणि ते मी मनापासून म्हटलं. त्या खड्ड्याला मी इतके दिवस शिव्या देत होते की माझाही विश्वास बसला होता. उठून हातातलं काम आवरलं आणि रोजच्यासारखा हौद भरायला गेले.

चार दिवसांनी यांना ताप आला. दुपारी जेवून बाजेवर पडले होते, आणि एकदम बाज वाजायला लागली. वेल्ह्याच्या घाटात जुनी एस.टी. वाजायची तशी, सगळे खिळे एकदम. मी गोधडी टाकली, दुसरी टाकली, तिसऱ्या गोधडीवर स्वतः बसले. हे दात वाजवत म्हणाले, "ओव्हरलोड झालीय, एक प्रवासी उतरवा." बोलता आलं म्हणजे बरे आहेत, असं मी धरलं. मग ताप चढला आणि बोलणं थांबलं. तेव्हा मात्र मी गोधडीवरून उतरले आणि सुनेला बोलवायला धावले. इतक्या वर्षांत या माणसाचं तोंड बंद झालेलं मी पाहिलं नव्हतं.

सुनेनं बोटातून रक्त काढलं. तो थेंब टाकलेल्या पट्टीकडे बघत बसली. तिचा चेहरा बघून मला पट्टी वाचावी लागली नाही. गोळ्या लगेच सुरू केल्या. एक गोळी तर चौदा दिवस, एकही चुकवायची नाही. ते सगळं तिनं नीट केलं. पण नंतर दारात उभं राहून म्हणाली की उद्या मलेरियाचे साहेब तपासणीला येणार आहेत, घर न् घर बघणार आहेत. आणि हळूच म्हणाली, गावात एकाही भांड्यात आठ दिवसांचं पाणी नाही. मी स्वतः बघितलंय. मग हे वाढतंय कुठं?

एकाही भांड्यात आठ दिवसांचं पाणी नाही. मी मोजायला लागले. हौद शेवटचा रिकामा कधी झाला होता? म्हशी गेल्या त्या सकाळी.

सातवी पास बाईला एवढं गणित करायला कार्तिक महिना उजाडला.

मी सकाळी लवकर उठून हौद उपसून टाकणार होते. पण साहेब मोटारसायकलवर चहाच्या आधीच हजर. पिकलेल्या मिशांचे, गळ्यात बॅटरी, हातात लांब दांड्याचा पांढरा डाव. रक्त कुणाकुणाचं घेतलं ते सुनेला विचारलं आणि निघाले. मागं सून, तिच्या मागं शेजारच्या बायका, कारण गावात दुसरं काही चाललेलं नव्हतं.

आधी लिफ्टचा खड्डा. मी मनात देवाला म्हटलं, असू दे रे तिथं. तर बिल्डरच्या माणसानं आठवड्यापूर्वीच पंप लावून तो उपसला होता. सुनेनंच त्याच्या मागं लागून लागून. खड्ड्याच्या तळाशी एक कुत्रं झोपलं होतं. मग घरं. पिंपं पालथी, टाक्यांची झाकणं घट्ट, फ्रिजमागचा ट्रेसुद्धा कोरडा. साहेब म्हणाले, असं कोरडं गाव मी पाहिलं नाही. सुनेला ते बरं वाटायला हवं होतं, पण तिची मान आणखी खाली गेली.

फिरत फिरत सगळे आमच्या अंगणात आले. तोवर मी हौदावर बसले होते. रुंद काठावर, पुढाऱ्याची एक कड खाली दाबून. पदर पसरून घेतला. हे दारात गोधडी पांघरून बसलेले, माझ्याकडे बघत होते. कंडक्टर होते ते. बिनतिकीट प्रवासी त्यांना चेहऱ्यावरून कळतो.

शेजारीण सुनेला म्हणाली, आता सरळच बोलते. साहेबांनीच सांगितलं, गाव कोरडं आहे. आमी समदं केलं तू म्हणशील तसं. तरी तुझ्या सासऱ्यालाच ताप. मग तुझा कोरडा दिवस काय कामाचा? आम्ही न्हाई करणार आता. बाकीच्यांनी माना हलवल्या.

सून वही छातीशी धरून उभी राहिली. तसं उभं राहणं मी ओळखते. झऱ्याच्या काठावर घागर घेऊन मी तशी उभी राहायची, बायका हसत असायच्या तेव्हा. फक्त मी चोरी केली होती आणि हिनं काहीच केलं नव्हतं.

साहेबांनी सहज विचारलं, आजी, हे ओतलेलं पाणी जातं कुठं? रस्त्यावर तर ओघळ दिसत नाही.

मी उठले. पुढारी बाजूला केला.

साहेब वाकले. डाव पाण्यात बुडवून वर काढला आणि बॅटरी न लावताच शिट्टी मारली. म्हणाले, अख्ख्या तालुक्यात ज्या शोधायला फिरतो त्या सगळ्या इथं एकत्र नांदतायत. लोंबकळणाऱ्या, आडव्या, लहान, मोठ्या. शेजारीण पुढं आली, हौदात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"आत्या, तुमी तर झाडाला घालते म्हणाला हुता."

मी म्हटलं, "झाडालाच घालत हुते. पर झाडं तीन, नि पानी गावाचं."

कुणी हसलं नाही. मग मी सगळंच सांगितलं. म्हशी विकल्यापासूनचं. तिन्हीसांजेला रिकामा हौद बघवत नाही तेही. झऱ्यापासून सांगायला लागले असते, पण साहेबांना अजून तीन गावं करायची होती. शेवटी म्हटलं, चूक माझ्या सुनेची नाही, तिनं तर सांगितलं होतं, मीच अर्धं ऐकलं.

मला वाटलं सून रडेल, किंवा आत निघून जाईल. तिनं वही काखेत मारली, साहेबांच्या हातातला डाव घेतला, आणि हौदातलं पाणी त्यात घेऊन एकेका बाईच्या नाकाखाली धरत गेली. ही बघा, आडवी. ही तुमच्या पिंपातली. ही तुमच्या टाकीतली. तुमी दर शनवारी टाकून दिली, म्हणून तुमच्या घरात वाढली न्हाई. आमच्या आत्यांनी गोळा केली, म्हणून हितं वाढली, नि आमच्याच मामांना चावली. मग शेजारणीसमोर थांबून म्हणाली, "आता सांगा, कोरडा दिवस काय कामाचा न्हाई?"

शेजारणीनं डावाकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. तिच्या पिंपातली पोरं होती, नाही म्हणता येईना.

मग सुनेनं वही उघडली आणि दूषित पाण्याच्या पानावर पहिलं नाव आमच्या घराचं लिहिलं. मी हळूच म्हटलं, अगं, साहेब ओळखीचे झालेत, नाव नको घालू. ती मान वर न करता म्हणाली, आत्या, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.

हौद उपसायला दुपार झाली. बायकांनी हातभार लावला, प्रत्येकीनं आपापलं पाणी ओळखत आणि मला ऐकवत. साहेब म्हणाले, हौद ठेवायचाच असला तर गप्पी मासे देतो, अळ्या खातात. सून म्हणाली, नको साहेब, माशांना पाणी कमी पडेल म्हणून ह्या आणखी भरतील. ती मला किती ओळखते ते मला त्या दिवशी कळलं.

तर हौद कोरडा. पण तिन्हीसांज यायची काही थांबत नाही. दिव्याला वात लावली, बाहेर बघितलं, आणि तो रिकामा हौद माझ्याकडे बघतोय. मला राहवेना. पाणी घालायची सोय नाही. मग मी सकाळी त्यात गवताचा पेंढा पसरला, वर दोन गोधड्या घातल्या, आणि यांना धरून आणून आत बसवलं. थंडीत तिथं छान ऊन येतं. हौद यांच्या मापाचा निघाला. पाय पसरले तरी पुढं वीतभर जागा उरते. म्हटलं, झालं, भरला हौद. हे म्हणाले, खिडकीची शीट आहे, बरं वाटतं. चौदा दिवसांच्या गोळ्या यांनी हौदात बसूनच घेतल्या. ताप पहिल्या तीन दिवसांत उतरला, बाकीचे दिवस कौतुक.

शनिवार आला. सकाळी सुनेनं भाकरी अर्धीच खाल्ली. वही घेऊन दारात उभी राहिली, पण पाय काही उचलेना. बायका दारं उघडतील की नाही, ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. मी बादलीला हातसुद्धा लावला नाही.

मग शेजारून धप्प असा आवाज आला. पिंप पालथं केल्याचा. मग पलीकडून. मग किराणावाल्याच्या मागच्या बाजूनं दोन एकदम. पाणी रस्त्यावरून वाहत आलं, आमच्या दारासमोरून गेलं, आणि मी ते जाऊ दिलं. थोडं काळजात लागलं, खोटं कशाला बोलू.

पण आता एक नवी रीत पडलीय. दर शनिवारी तपासणी आमच्या हौदापासून सुरू होते. सुनेनं सांगितलेलं नाही, बायकांनीच ठरवलंय. त्या दिवशी पाच-सहा जणी आल्या, हौदाभोवती उभ्या राहिल्या. हे आतच होते. शेजारणीनं यांच्या पायाशी वाकून तळाला बोट लावलं. यांनी पाय आखडून घेतले आणि म्हणाले, "पुढं सरका, पुढं जागा आहे." तेव्हा मात्र सगळ्या हसल्या, आणि सून सगळ्यात जास्त.

हसून झाल्यावर तिनं आमच्या नावापुढं टीक केली, यांच्या हातावर त्या दिवसाची गोळी ठेवली, आणि पाणी आणायला घरात गेली. त्या सकाळी नळाला बोअरचं पाणी सुटलं होतं. थंडीत ते कोमट असतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला हसवायला म्हणून मी झऱ्याच्या तापाची गोष्ट मीठमसाला लावून सांगितली होती. माणसानं सुनेला सगळ्या गोष्टी सांगू नयेत.

मी मागं जाऊन दारातून बघितलं. पिण्याची कळशी रोज सकाळी मी भरते. तिनं तांब्या भरायच्या आधी कळशीत बोट घातलं. थोडा वेळ ठेवलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"ओतते," मी म्हणाले, आणि कळशी उचलली.